सोनकीच्या वाट्याचा वार

म्हातारबा मेला तेव्हा माझ्या डाव्या खांद्यावर तान्ही जाई झोपली होती, म्हणून मला ओरडता आलं नाही.

काळवेणेचा झुलता पूल. पलीकडे दोन भालेकरी, अलीकडे आम्ही तिघं जखमी. सोनकी सगळ्यात पुढे. म्हातारबा तिच्यामागे, ढाल घेऊन. निनाद सूत्रधाराच्या आवाजात म्हणाला, "पहिला भाला सोनकीवर. तेरा किंवा वर पडले तर आरपार. दुसरा म्हातारबावर. त्याच्याकडे ढाल आहे, त्याला एकोणीस लागतील."

पहिला फासा टाकला. चार. सोनकी वाचली.

दुसरा टाकला. वीस.

शिवाण्णांनी टेबलावरची लाकडी ढालकऱ्याची बाहुली दोन बोटांनी आडवी केली. "गेला बिचारा," म्हणाले, आणि चहाचा कप तोंडाला लावला.

खरं तर कोणी मेलं नव्हतं. मिरजेतल्या आमच्या हॉलमध्ये रविवारच्या दुपारी चार माणसं एका टेबलाभोवती बसली होती, इतकंच. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांना सांगायचं तर, एक जण सूत्रधार असतो. तो जग सांगतो, नदी, पूल, वैरी. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. आपण काय करणार ते तोंडाने सांगायचं. आणि जे आपल्या हातात नाही, म्हणजे वार लागला की हुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सोनकी मी. सात वर्षं मी. लग्नाआधीपासून मी. म्हातारबा साखर कारखान्यातले केमिस्ट शिवाण्णा कोरे यांचा, तोही तितकाच जुना. नसरीन मुल्ला कोर्टात वकिली करते आणि आमच्यात चोर होते. सूत्रधार माझा नवरा.

आमच्या गटाचा एकच अभिमान होता. प्रामाणिकपणा. दुसरीकडे सूत्रधार पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकतो आणि मनाला येईल तो आकडा सांगतो. आमच्याकडे आडोसा नाही. शिवाय किती पडले तर काय होणार, हे फासा टाकायच्या आधी मोठ्याने बोलायचं. बोललेलं बदलायचं नाही. मेलेला परत येत नाही. या तीन गोष्टींवरून आम्ही किती माणसं दुखावली असतील, पण नियम सोडला नाही.

भांडणं व्हायची ती कडेला अडकलेल्या फाशावरून. फासा पुस्तकाला टेकून तिरका उभा राहायचा आणि नसरीन म्हणायची अठरा, शिवाण्णा म्हणायचे दोन. शेवटी वर्गणी काढून आम्ही 'समपट' घेतला. हे टेबल फासा बघतं, आकडा मोठ्याने सांगतं, प्रत्येक फेक जपून ठेवतं. वादाला जागाच नाही. लिंबाएवढे त्याचे स्वतःचे फासे. जाईच्या तोंडात मावत नाहीत, याचंच मला त्यातल्या त्यात कौतुक होतं.

म्हातारबा गेल्यावर शिवाण्णांनी नवं पात्र घेतलं. एक मुका नावाडी. खेळायचे, पण पूर्वीसारखे पुढे वाकून नाही.

"अण्णा, तुमची साडेसाती आहे," नसरीन म्हणायची. "गेल्या वर्षापासून सगळे भाले तुम्हालाच कसे सापडतात?"

"माझं अंग रुंद आहे की," ते म्हणायचे.

आणि मी? मला लागतच नव्हतं. जाईच्या जन्मानंतर मी जशी खेळत होते तशी कधीच खेळले नव्हते. पडक्या बुरुजावरून उडी, सतरा. अंधारात बाण, एकोणीस. मला वाटायचं, मी धीट झाले. बाळंतपणातून गेलेल्या बाईला भाल्याची काय भीती! आठवडाभर मी दूध, शी, ताप, लसीची तारीख यांच्यात विरघळलेली असायचे. कोणी मला हाक मारली तरी ती जाईबद्दल असायची. "झोपली का?" "जेवली का?" रविवारी तीन तास मी सोनकी असायचे, आणि सोनकीला लोक विचारायचे, "आता काय करतेस?"

त्या तीन तासांवर मी जगत होते, हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

*

ते कळलं जाईमुळे.

मंगळवारची दुपार. दात येत होते म्हणून ती किरकिरत होती. मी तिला टेबलाशी उभी केली, टेबल चालू केलं, कारण त्यातून येणारा आवाज तिला आवडतो, आणि फासा तिच्या दोन्ही हातांत दिला. तिने तो थोडा चोखला, मग फेकला.

"वीस," टेबल म्हणालं.

"वा गं माझी रणरागिणी!"

पुन्हा फेकला. एकोणीस. पुन्हा. वीस. अठरा. वीस. मी हसत होते, तिच्या मानेत नाक खुपसत होते, आणि हसता हसता कुठेतरी थांबले. मी टाकला. नऊ. पुन्हा टाकला. चार. जाईने टाकला. वीस.

मी तोच फासा ओट्यावर नेऊन टाकला. तिथे तो सरळ वागला. तिच्या हातूनही, माझ्या हातूनही. मग आमची जुनी परीक्षा केली, पेलाभर पाण्यात मीठ विरघळवून फासा तरंगवला. एक बाजू जड असेल तर तीच पुन्हा पुन्हा खाली जाते. तसं काही होत नव्हतं. म्हणजे फासा चांगला होता. फक्त त्या टेबलावर तो जाईवर प्रेम करत होता.

प्रेम. तो शब्द मनात आला आणि त्यामागून जाईचं हृदय आठवलं. तान्ह्या मुलाचं हृदय मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चालतं. डॉक्टरांच्या टेबलावर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरले होते, चिमणी अडकल्यासारखं वाटलं होतं. ते हृदय जर कोणी ऐकलं, आणि ते बाळाचं आहे हे त्याला माहीत नसेल, तर त्याला काय वाटेल? कोणीतरी भीतीने अर्धमेलं झालंय, असंच वाटेल.

मी जाईला कडेवर घेतलं आणि जिना चढले. खाली आले. पुन्हा चढले. तिला वाटलं खेळ आहे, ती खिदळत होती. छाती धपापायला लागल्यावर धापा टाकतच टेबलाशी आले आणि फासा मुठीत धरून टाकला.

अठरा.

पुन्हा जिना. यावेळी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून टाकला. सहा. मग अकरा. मोजे काढले. एकोणीस.

मी खुर्चीत बसले. जाईने माझा मोजा तोंडात घातला.

*

कंपनीच्या मदतकेंद्रातल्या मुलीने काहीच लपवलं नाही. लपवण्यासारखं तिला काही वाटतच नव्हतं.

"हो मॅडम, ती आपली 'सांभाळ' सोय."

तिने समजावलं ते असं. फासा आतून पोकळ आहे. त्या पोकळीत चुंबकाला ओळखणाऱ्या एका दाट द्रवाचा थेंब मोकळा फिरत असतो. टेबलाच्या पृष्ठाखाली बारीक तारांची वेटोळी आहेत. फासा शेवटच्या दोन-तीन उड्या मारतो त्या क्षणी वेटोळ्यांतून वीज जाते, थेंब एका बाजूला घट्ट होतो आणि ती बाजू खाली बसते. वीज गेली की थेंब पुन्हा पातळ. म्हणजे निमिषभर खोटा, बाकी आयुष्यभर खरा असा फासा. मीठपाण्यात तो कसा सापडणार? मुठीत धरताना फाशातला बारीक दिवा बोटातली नाडी मोजतो. दवाखान्यात बोटाला चिमटा लावतात तसाच. ज्याची नाडी फार वाढली त्याला टेबल सांभाळून घेतं.

"आणि लढाईत?" मी विचारलं. "तिथे तर वैऱ्याचा फासा सूत्रधार टाकतो."

"टेबल ऐकतं ना मॅडम. तुम्ही मोठ्याने बोलता ना, वार कोणावर, किती लागतात? बऱ्याच गटांत ते बोलत नाहीत, मग टेबलाला अंदाज करावा लागतो. तुमच्याकडे अगदी अचूक चालत असेल."

आमचा नियम. आमचा अभिमान. फासा टाकायच्या आधी खरं बोलायचं. आम्ही दर रविवारी त्या यंत्राला स्वतःच्या तोंडाने सांगत होतो की कोणाला वाचवायला किती आकडे चुकवावे लागतील.

"आणि जो वार चुकवला, तो कुठे जातो?"

"लढाई सोपी होऊ नये म्हणून तो भार दुसऱ्यावर दिला जातो. ज्याची नाडी सगळ्यात शांत, ज्याला त्रास कमी होईल, त्याच्यावर."

"हे लोकांना सांगत का नाही तुम्ही?"

"सांगितलं तर मजा जाते मॅडम. दहातल्या नऊ टेबलांवर हे चालू आहे. एकाचीही तक्रार नाही."

"कळतच नसेल तर तक्रार कोण करेल?"

"तेच तर आमचं वैशिष्ट्य आहे," ती मनापासून म्हणाली. "पुढच्या वर्षी शाळांसाठी पण येतंय. मुलांचे खेळ, चाचण्या, सगळीकडे. कुठलंही मूल रडत घरी जाणार नाही. तुम्हाला लहान बाळ आहे ना? आवाज येतोय. तुम्हाला तर आवडेल."

मी फोन ठेवला. जाई जमिनीवर बसून टेबलाच्या पायाला धरून उठत होती. दोनदा आपटली. तिसऱ्यांदा उठली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू हिमालय चढून आली. त्या आपटण्याचा भार दुसऱ्या कुणाच्या मुलावर टाकून कोणी तिला पहिल्याच फटक्यात उभी केली असती, तर हे तोंड मला दिसलं असतं का?

*

"टेबलाने विचारलं होतं," निनाद म्हणाला. तो वाळलेले लंगोट घडी करत होता आणि घडी करतच राहिला. "पहिल्या दिवशी. कोणा खेळाडूला जास्त सांभाळायचं आहे का. मी तुझं नाव सांगितलं."

"मला न विचारता."

"शलाका, तेव्हा जाई दीड महिन्याची होती. तू नळ सोडून बाथरूममध्ये रडायचीस. मला ऐकू यायचं. मला काही करता येत नव्हतं. दूध मी पाजू शकत नव्हतो, टाके माझे नव्हते. रविवारी मात्र तू हसायचीस. ते एक तरी मोडू नये असं वाटलं, तर काय चुकलं माझं?"

हे सगळं खरं होतं. हाच तर माझा संताप होता, की ते खरं होतं आणि तरी पुरेसं नव्हतं.

"मला वाटलं मी धीट झाले," मी म्हणाले. "बुरुजावरची उडी. तो अंधारातला बाण. मी आईला फोन करून सांगितला होता रे तो बाण! तू समोर बसून ऐकत होतास. काही बोलला नाहीस."

"तू खूश होतीस."

"जाईला मी चमचा लपवून परत काढून दाखवते, ती पण खूश होते. मी काय जाई आहे?"

"हळू. उठेल ती."

"आणि म्हातारबा? तेही माहीत होतं तुला?"

त्याने घडी मोडून पुन्हा घातली. "नव्हतं. वीस पडले तेव्हा... शंका आली."

"शंका आली, आणि तू म्हणालास, 'भाला ढाल फोडून गेला.' सूत्रधाराच्या आवाजात."

त्याने पुढचा लंगोट उचलला.

"मला मरू द्यायचं होतंस," मी म्हणाले. "त्या पुलावर मला माझं मरू द्यायचं होतंस. तेवढं एक तरी माझं होतं."

"रविवारपर्यंत कोणाला सांगू नको. मी ती सोय बंद करतो. कोणाला कळणार पण नाही."

"कळणार नाही म्हणूनच सांगणार."

*

रविवारी मी सगळं सांगितलं. जिना, मोजे, मदतकेंद्र. निनाद खाली मान घालून बसला होता, पण उठून गेला नाही, हे त्याच्या बाजूने मान्य करायला हवं.

नसरीनने आधी टेबलावर हाताची थाप मारली. "मेल्या टेबला! म्हणजे मी चोर, आणि चोऱ्या हे करतंय?" मग निनादकडे वळली. "आणि तू रे? बायकोला ओवाळणी घालायची तर दुकानातून आणायची, अण्णांच्या खिशातून कशाला?"

"पण माझ्यावरच का?" शिवाण्णांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं, आणि ते जास्त लागलं.

"तुमची नाडी सगळ्यात शांत असते म्हणून. तुम्हाला कमी त्रास होतो असं त्याला वाटतं."

शिवाण्णा हसायला लागले. बराच वेळ हसले. मग चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते हसण्याचंच पाणी होतं असं मला सांगता येणार नाही.

"मी शांत? आगं, म्हातारबा गेला त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, कारखान्यात काही झालं का? तिला काय सांगू, माझा ढालकरी मेला म्हणून? बीपीची गोळी चालू आहे माझी. ती घेतली की अंगावर ट्रक आला तरी नाडी वाढत नाही. काळीज फुटलं तरी त्या टेबलाला दिसायचं नाही."

इतकी विद्या, इतक्या तारा, बोटातला दिवा, आणि समोरच्या माणसाचं दुःख एका पांढऱ्या गोळीमागे लपलं तर लपलं.

"तो पुलावरचा वार पुन्हा होणार," मी म्हणाले. "आत्ता. जुन्या फाशाने, परातीत."

"नाही," शिवाण्णा म्हणाले. "मेलेला परत येत नाही. आपलाच नियम आहे. मला लुटूपुटूचा जिवंत म्हातारबा नको."

"अण्णा, तो मेलाच नाही," नसरीन म्हणाली. आता ती कोर्टात उभी असल्यासारखी ताठ झाली होती. "न्यायाधीश आधीच फितूर असेल तर त्याने दिला तो निकाल नव्हेच. खटला उभाच राहिला नाही. पुन्हा चालवावा लागेल."

शिवाण्णांनी मुक्या नावाड्याची बाहुली बाजूला सारली. "दोन्ही वार," शेवटी म्हणाले. "सोनकीवरचा आणि म्हातारबावरचा. एकच निवडायचा नाही."

मी स्वयंपाकघरातून परात आणली. टेबलाची वायर काढली. कपाटातला जुना निळा फासा निनादसमोर ठेवला.

"तू टाक," तो मला म्हणाला.

"वैऱ्याचा फासा सूत्रधार टाकतो."

"मला नाही जमणार, शलाका. मरशील तू."

"मरेन, किंवा मरणार नाही. मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. गेल्या वर्षभरात तू मला सगळं दिलंस, तेवढं एक काढून घेतलंस. ते परत दे."

त्याने फासा उचलला. आमच्या जुन्या रीतीने तो मोठ्याने बोलला, आणि या वेळी ऐकणारे फक्त आम्ही होतो. "सोनकीवर. तेरा."

परातीत फासा खणखणला, कडेला घासून दोनदा वळला आणि थांबला.

चौदा.

"म्हातारबावर. एकोणीस."

तो फासा जरा जास्तच फिरला. आम्ही चौघांनी एकदम माना पुढे केल्या.

एकोणीस.

"अरे देवा," नसरीन पुटपुटली. "हे काय रे!"

मला क्षणभर परात उचलून भिंतीवर मारावीशी वाटली. एवढं सगळं करून शेवटी तेच? मी शिवाण्णांकडे पाहिलं. ते पुढे वाकले होते. कोपर टेबलावर, हनुवटी मुठीवर, पूर्वी बसायचे तसे.

"आता मेला," ते म्हणाले. सावकाश, समाधानाने. "त्या दिवशी त्याला मारला होता. आज तो मेला. सोनकीच्या शेजारी मेला. पोरीच्या अंगावर ढाल पडली असेल बघ त्याची."

निनादने फासा पुन्हा उचलला, पण टाकला नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी ठीक आहे का, उठावं का, पाणी आणावं का, हे सगळं त्या बघण्यात होतं.

"मी आता रडणार आहे," मी म्हणाले. "माझी सात वर्षांची सोनकी गेली. मला रडू दे. तू खेळ पुढे ने."

त्याने मान हलवली, घसा खाकरला आणि नसरीनकडे वळून सूत्रधाराच्या आवाजात म्हणाला, "पुलावर आता तू एकटीच आहेस."